घोड्याचं नाव मकसूद होतं

'जो जीता वही सिकंदर' मी किती वेळा पाहिलाय ते विचारू नका. पहिल्यांदा पाहिला तो 1993 च्या मे महिन्याच्या सुट्टीत. मी सातवीतून आठवीत गेले होते. मामूंनी व्हीसीआर भाड्यानं आणला होता, एका रात्रीत तीन कॅसेटी संपवायच्या होत्या, आणि हा पिक्चर आम्ही पोरांनी सलग दोनदा लावला. कराडमध्ये अब्बांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि तासाच्या बोलीवर भाड्यानं सायकली. अब्बांना पिक्चरचं वेड नव्हतं, पण शेवटची शर्यत लागली की ते चहाचा कप खाली ठेवायचे. "इतक्या उतारावर असा ब्रेक मारला तर पोरगा कशाला वाचतोय," असं काहीतरी पुटपुटायचे आणि पुढं सरकून बसायचे.

गेल्या महिन्यात तोच पिक्चर पुन्हा लावला. सोबत माझी चौदा वर्षांची मुलगी आणि माझ्या बहिणीचा सतरा वर्षांचा मुलगा. मला वाटलं होतं, यांना कंटाळा येईल. पोरं बघत राहिली. मध्येच भाच्यानं रिमोट घेऊन पिक्चर थांबवला. खाली इंग्रजी सबटायटल चालू होती. "खाला, या घोड्याचं नाव मकसूद आहे?"

ज्यांनी पिक्चर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. देहरादून. तिथं श्रीमंतांच्या पोरांचं राजपूत कॉलेज आणि गावातल्या साध्या पोरांचं मॉडेल कॉलेज. दरवर्षी कॉलेजांची सायकल शर्यत. मॉडेल कॉलेजचा संजू म्हणजे आमिर खान, नंबर एकचा उनाड. थोरला भाऊ रतन गुणी. बाप रामलाल कॅफे चालवतो. संजूचे दोन दोस्त कायम त्याच्या मागं, एक घनशू आणि एक घोडा. आदित्य लखियानं केलेला हा घोडा आम्हाला फार आवडायचा. माझ्या चुलतभावाला त्या सुट्टीपासून अख्खा मोहल्ला घोडाच म्हणायला लागला. पण घोड्याला खरं नाव आहे, आणि ते मकसूद आहे, हे तीस वर्षांत माझ्या डोक्यात कधी राहिलंच नाही. माझ्या, म्हणजे मोमीन आळीत वाढलेल्या मुलीच्या!

आधी मला याचं वाईट वाटलं. रात्री विचार करताना उलटंच वाटायला लागलं. मकसूदच्या डोक्यावर टोपी नाही. गळ्यात ताईत नाही. त्याच्या घरातली अम्मी सुरमा घालून शेर म्हणत नाही. तो देशासाठी गोळी झेलत नाही आणि देशावर गोळीही चालवत नाही. तो फक्त संजूचा बिनकामाचा दोस्त आहे. मार खातो, हसवतो, उंडारतो. इतका साधा मुसलमान पोरगा की तो मुसलमान आहे हे मुसलमानांनाही कळू नये. आमिर खान शर्मा झाला, लखिया मकसूद झाला, आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पिक्चर 22 मे 1992 ला आला. त्यानंतर साडेसहा महिन्यांनी 6 डिसेंबर.

आमच्यात काही जण लगेच हिशेब मांडतात. निर्माते नासिर हुसेन, दिग्दर्शक मन्सूर खान, गाणी मजरूह सुलतानपुरींची, 'पहला नशा'चं नृत्यदिग्दर्शन फराह खानचं, हिरो आमिर. बघा, निम्मा पिक्चर आपला! मला या हिशेबाचा वीट आलाय. पडद्यामागं कोण होतं याच्या याद्या फॉरवर्ड करून आपल्या पोरांच्या पदरात काय पडतं? मला पडद्यावरच्या पोराबद्दल बोलायचंय. शर्मांच्या पोराला जे मिळालं, ते मकसूदला कधी मिळणार?

संजूला काय मिळालं ते बघा. तो अभ्यासात ढ आहे. बापाचे पैसे उडवतो. देविकावर छाप पाडायला बड्या घरचा असल्याची थाप मारतो. मारामाऱ्या करतो. बाप त्याच्यापुढं हात टेकतो. शेवटी राजपूतच्या पोरांशी झालेल्या झटापटीत रतन कड्यावरून पडून जबर जखमी होतो, आणि मग संजू जागा होतो. सायकलवर बसतो, घाम गाळतो आणि शर्यत जिंकतो. लहानपणी मला हा जिंकण्याचा पिक्चर वाटायचा. आज तो माफीचा पिक्चर वाटतो. बाप माफ करतो, भाऊ माफ करतो, अंजली माफ करते, सगळं गाव टाळ्या वाजवतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या चुकांचा हिशेब तिथंच मिटतो. कॉलेजच्या पोरांचे सगळे चांगले पिक्चर खरं तर एवढंच सांगतात, की या वयातला गाढवपणा जन्मभर कुणाच्या गळ्यात बांधायचा नसतो.

आता आपल्या नावाच्या माणसांना पडद्यावर काय करावं लागतं ते बघा. 'सरफरोश' (1999) मधल्या इन्स्पेक्टर सलीमला स्वतःच्याच खात्यात आपण भरवशाचे आहोत हे सिद्ध करावं लागतं. 'चक दे इंडिया' (2007) मधला कबीर खान पाकिस्तानविरुद्ध एक पेनल्टी स्ट्रोक चुकतो आणि गद्दार ठरतो. संजू शर्माला माफी मिळवायला गावातली सायकल शर्यत पुरते. कबीर खानला विश्वचषक जिंकून आणावा लागतो, तोही सात वर्षांनी. दोन्ही पिक्चर मला आवडतात. 'चक दे' पाहताना मी दर वेळी रडते. पण रडून झाल्यावर मनात येतं, तो कप हरला असता तर? मग तो गद्दारच होता का?

मराठीत तुमच्या पिढीचा पिक्चर 'सैराट'. त्यातला सल्या आठवतो? परश्याचा दोस्त सलीम. नागराज मंजुळेंनी एक मोठं काम केलं, सल्याच्या तोंडी करमाळ्याची अस्सल मराठी दिली. नाहीतर मराठी नाटक-सिनेमातला मुसलमान पिढ्यान् पिढ्या "हम जाता हय, तुम आता हय" असलं काहीतरी बोलत आलाय, जणू आपण कालच कुठून तरी येऊन उतरलोय. सल्या गावचा वाटतो. पण त्याचीही जागा तीच, हिरोच्या बाजूला. दोस्तासाठी चिठ्ठ्या पोचवायच्या आणि दोस्तासाठी मार खायचा. सल्याला स्वतःला कुणी आवडत होतं का? हे विचारायची हिंमत 2016 मध्ये नव्हती, आणि आज तर नाहीच. 2022 च्या नोव्हेंबरपासून 'लव्ह जिहाद'च्या नावानं जिल्ह्याजिल्ह्यात मोर्चे निघाले. त्याच डिसेंबरात सरकारनं आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती नेमली. 2025 च्या फेब्रुवारीत कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली. सल्यानं वर्गातल्या मुलीला वही जरी परत केली तरी आज त्याचा व्हिडिओ निघेल.

हो, 'गली बॉय' आहे. त्याबद्दल पुढं बोलते.

पिक्चर बाजूला ठेवून आपल्या महाराष्ट्रात या. 7 जून 2023, कोल्हापूर. काही पोरांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, इंटरनेट बंद. त्या पोरांमध्ये अल्पवयीनही होते. त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या सातारा जिल्ह्यातलं पुसेसावळी. पुन्हा सोशल मीडियावरच्या पोस्टचं निमित्त, मशिदीवर हल्ला, एका तरुणाचा जीव गेला. आमच्या घरापासून तासाभराचं अंतर. 23 फेब्रुवारी 2025, मालवण. भारत-पाकिस्तान मॅचच्या रात्री एका पंधरा वर्षांच्या पोरानं देशविरोधी घोषणा दिल्या असा आरोप झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाच्या भंगाराच्या दुकानावर नगरपरिषदेचा बुलडोझर आला. आई-बापांना अटक झाली. आरोपीचं बांधकाम असं पाडता येत नाही, किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं 13 नोव्हेंबर 2024 ला सांगून साडेतीन महिनेही झाले नव्हते.

रामलालचा कॅफे आठवा. संजूनं गावभर एवढे उद्योग केले, कॅफेची एक खुर्ची कुणी हलवली?

पोरगा खरंच तसं बोलला असेल तर, असा प्रश्न येणारच. चला, धरून चालू की बोलला. मग काय करायचं हे आपल्या देशाच्या कायद्यात लिहिलेलं आहे. अल्पवयीनांसाठीच्या 2015 च्या बाल न्याय कायद्यात, कलम 3 मध्ये, 'नव्या सुरुवातीचं तत्त्व' आहे. खास परिस्थिती वगळता अठरा वर्षांखालच्या मुलाची मागची नोंद पुसून टाकावी, असं ते सांगतं. म्हणजे मन्सूर खानच्या पिक्चरमध्ये जे आहे तेच संसदेनं मंजूर केलंय. पोराला बाल न्याय मंडळापुढं उभं करा, समज द्या, शाळेतून समुपदेशन करा, मी कुठं नाही म्हणते? पण बापाचं दुकान कुठल्या कलमात बसतं? आणि हेही लिहून ठेवते, कारण आपल्यातल्या काहींना ते आवडणार नाही. त्या मोर्च्यांमध्ये आपल्याविरुद्ध घाणेरड्या घोषणा देत चाललेली सोळा-सतरा वर्षांची पोरं मी चौकात उभी राहून पाहिलीत. त्यांतला एक माझ्या ओळखीच्या घरचा होता, ईदला आमच्याकडं शीरखुर्मा पिऊन गेलेला. त्याच्यासाठीही मला हेच कलम हवंय.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. सरकार, मोर्चे, सिनेमावाले, सगळे आपल्या पोरांना माफ करत नाहीत. खरंय. पण आपण करतो का?

हा जो भाचा माझ्या शेजारी बसून पिक्चर बघत होता, तो मध्यमगती गोलंदाज आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं एका पाकिस्तानी फास्ट बोलरचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. संथ गतीत त्याचं मनगट कसं वळतं, एवढंच त्यात होतं. अर्ध्या तासात वर्गातल्या एका पोराच्या बापाचा फोन. बहिणीचं अख्खं घर हादरलं. चूक त्यांची नव्हती, पुसेसावळी होऊन फार दिवस झाले नव्हते. स्टेटस काढलं, फोन काढून घेतला, मेहुण्यानं आयुष्यात पहिल्यांदा पोराच्या थोबाडीत मारली. मग ठरलं की वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर पोराच्या नावानं माफी टाकायची. ती माफी मी लिहिली. घरात मराठी चांगलं लिहिणारी मीच. "माझ्याकडून नकळत झालेल्या चुकीबद्दल मी सर्वांची मनःपूर्वक क्षमा मागतो. माझे माझ्या देशावर प्रेम आहे." पंधरा वर्षांच्या पोराकडून मी हे कबूल करून घेतलं, एका इनस्विंगसाठी. पाठवायच्या आधी शुद्धलेखनही तपासलं.

त्याची आजी, म्हणजे आमची अम्मी, त्याला जवळ घेऊन म्हणाली, "अपने कू दुगना अच्छा रहना पडता, बेटा." हे वाक्य आपल्यातल्या कुठल्या घरात नाही? आपण ते प्रेमानं बोलतो, काळजीनं बोलतो, आणि बोलता बोलता पोराला सांगून टाकतो की तुला इतरांच्या निम्म्या चुका करायची परवानगी आहे. मग हेच वाक्य पुढं जाऊन सभेत, जलशात, सत्कारात येतं. यूपीएससी पास झालेल्या मुलाचा फोटो, नीटमध्ये मार्क मिळवलेल्या मुलीचा फोटो, "कौम का नाम रौशन." त्या मुलांचं मला मनापासून कौतुक आहे. पण जो पोरगा बारावीत दोनदा गचकला, त्याला आपण जलशात कुठं बसवतो? मागं, चपलांजवळ. तुमच्यापैकी बरेच जण लिहीत असतात की सिनेमात आपली 'चांगली प्रतिमा' हवी, डॉक्टर दाखवा, शास्त्रज्ञ दाखवा. नको. मला डॉक्टर नकोय. मला गचकलेला पोरगा हवाय, ज्याच्यावर पडदा प्रेम करतो. डॉक्टर झाल्यावर मिळणारी इज्जत ही फी भरून मिळालेली इज्जत आहे.

आणि मुली. पिक्चरमध्ये अंजली गॅरेजमध्ये हात काळे करते, संजूच्या प्रत्येक अडचणीला धावते आणि तो तिच्याकडं बघावा म्हणून पिक्चर संपेपर्यंत थांबते. देविका पैशावर भाळणारी, म्हणून ती जी बाहेर जाते ती जातेच, तिला कुणी दुसरी संधी देत नाही. लहानपणी मलाही देविकाचा राग यायचा. आता मुलीसोबत बघताना लक्षात आलं की थाप संजूनं मारली आणि बदनाम देविका झाली. पोरीनं ते माझ्या आधी ओळखलं. "अम्मी, खोटं तर तो बोलला ना?" एवढंच म्हणाली आणि पॉपकॉर्न खायला लागली.

ज्या मुलाला आम्ही घोडा म्हणायचो तो चुलतभाऊ बारावीत दोनदा नापास झाला, विड्या ओढताना सापडला, एकदा दुकानाच्या गल्ल्यातले पैसे घेऊन मुंबईला पळाला आणि चार दिवसांनी परत आला. चाचांनी बडवलं, चाचींनी जेवायला वाढलं. आज त्याचं टायरचं दुकान छान चाललंय, आणि मला त्याचा आनंद आहे. मी मात्र नववीत असताना अब्बांच्याच दुकानातली भाड्याची सायकल घेऊन कृष्णा घाटावर गेले, एकटी, पाऊण तास. तिथं कुणीतरी पाहिलं. मला कुणी मारलं नाही, कुणी ओरडलंही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सायकल बंद. "लोगां क्या बोलेंगे," एवढं एक वाक्य. अब्बांनी मला त्याच सायकलींचे पंक्चर काढायला शिकवलं होतं, चाकाचा आऊट काढायला शिकवलं होतं, पण चालवायला परवानगी नव्हती. म्हणजे मकसूदला निदान फ्रेमच्या कडेला जागा होती. मकसूदच्या बहिणीला पिक्चरच नव्हता.

'गली बॉय' 2019 चा, तोवर थांबावं लागलं. झोया अख्तरच्या त्या पिक्चरमधली सफिना डॉक्टरकी शिकते, डोक्याला स्कार्फ बांधते, घरी सर्रास खोटं बोलते, आणि मत्सरानं दुसऱ्या मुलीच्या डोक्यात बाटली फोडते. मला ती पाहताक्षणी आवडली. आमच्या महिलांच्या बैठकीत एका ताईंनी तक्रार केली, यानं हिजाब घालणाऱ्या मुलींबद्दल काय संदेश जाईल? मी तेव्हा गप्प बसले. आज उत्तर देते. संदेश हा जाईल, की हिजाब घालणाऱ्या मुलीलाही राग येतो. बाटली फोडणं वाईटच. पण ती एकटीच्या नावावर वाईट वागते, अख्ख्या कौमच्या नावावर नाही. आणि ती खोटं का बोलते, ते तर तिनंच घरच्यांना सांगून टाकलंय. खरं बोलले तर तुम्ही मला जगूच देणार नाही, असं तिचं म्हणणं आहे. ते वाक्य आपल्याला उद्देशून होतं. आपण बाटलीवर चर्चा करत बसलो.

पुसेसावळीनंतर, मालवणनंतर आपण पोरांना सांभाळून वागायला सांगतो, त्यात काही चूक आहे असं मी म्हणत नाही. माझ्या हातून ती माफी पुन्हाही लिहिली जाईल कदाचित. भीती खरी आहे. पण भीतीपोटी शिकवलेली शिस्त ही आपली संस्कृती आहे, आपले संस्कार आहेत, असं पोरांना सांगायचं थांबवू या. बाहेर बुलडोझर आहे म्हणून आज हे स्टेटस काढ, असं सरळ सांगावं. तू चुकलास म्हणून काढ, असं सांगू नये. यातला फरक पोरांना बरोबर कळतो. आणि मुलींच्या बाबतीत तर बाहेरचा बुलडोझर हा बहाणासुद्धा चालणार नाही. माझी सायकल 1995 मध्ये बंद झाली, तेव्हा कुठलीही समिती नेमलेली नव्हती.

भाच्यानं त्या प्रसंगानंतर आजवर एकही स्टेटस ठेवलेलं नाही. पिक्चर संपल्यावर मी त्याला म्हटलं, ती माफी मी लिहायला नको होती. तो म्हणाला, "जाऊ दे ना, खाला." मग बराच वेळ मोबाइलमध्ये बघत बसला आणि म्हणाला, त्या ग्रुपवर तिला एकवीस अंगठे आले होते.

त्याच्या वर्गातली सात-आठ जणं येत्या रविवारी सायकलवरून सदाशिवगडाला जाताहेत. मुलंही आहेत, मुलीही आहेत, पाटील आहेत, कांबळे आहेत. बहीण आधी नाहीच म्हणाली, मग माझ्यावर चिडली, मग "तू सांभाळ" म्हणून मोकळी झाली. माझी मुलगीही जाणार म्हणतेय. अम्मीनं विचारलंच, "लोगां क्या बोलेंगे?" पहाटे साडेपाचला निघायचंय. मुलीच्या सायकलीचं मागचं चाक डुलत होतं, काल रात्री अंगणात बसून मी त्याचा आऊट काढला. दोन तारा बदलायला लागल्या.